परदेशी जावे का? आधी घरात बसून हिशेब मांडा

आखातात नोकरीला जाणे ही आपल्या वस्त्यांना आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वेल्डर, फिटर, सुतार, गवंडी, प्लंबर, ड्रायव्हर, हॉटेलातला कुक, अशा ज्याच्या हातात काही कसब आहे पण इथे महिना अठरा हजारांच्या वर कोणी देत नाही, त्याच्या मनात केव्हा ना केव्हा हा विचार येतोच. का जायचे असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "पोरांसाठी जायचं, भाऊ. आपल्या वाट्याला आलं ते त्यांच्या वाट्याला नको." हे उत्तर मनापासूनचे असते. पण पोरांसाठी म्हणजे नेमके काय, आणि पोरांना मागे ठेवून गेल्याने ते साधते का, एवढा विचार विमानाचे तिकीट हातात पडण्यापूर्वी झाला पाहिजे. बहुतेक घरांत तो तिकीट आल्यानंतर सुरू होतो.

मी एका लहान पतपेढीत कारकुनी करतो. कर्जाच्या अर्जावर 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. लग्न, आजारपण, घरदुरुस्ती, मुलांची फी ही नेहमीची कारणे. त्यांच्या जोडीला 'परदेशी नोकरी' हे कारण आता वरचेवर येते. रविवारी विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे पासपोर्टचे व इतर अर्ज भरून देण्याचे काम आम्ही काही कार्यकर्ते करतो. त्यामुळे जाणारा माणूस कर्ज काढताना दिसतो, पासपोर्ट काढताना दिसतो आणि पुढे कधी हप्ता थकला की त्याची बायको पतपेढीच्या बाकावर बसलेली दिसते. या तिन्ही ठिकाणी जे पाहिले त्यावरून वाचक बंधू-भगिनींपुढे चार गोष्टी मांडत आहे.

आपले आजोबाही आधी एकटेच आले होते

घर सोडून जाणे आपल्याला नवे नाही. कोकणातून, साताऱ्याकडून, मराठवाडा-विदर्भातून आपली माणसे गाव सोडून निघाली ती गोदीत, गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेच्या सफाई खात्यात. गावात जमीन नव्हती, मान नव्हता, पाणवठासुद्धा वेगळा. गाव सोडा, शहराकडे चला, हे बाबासाहेबांनी सांगितले त्याला कारण होते, आणि ज्यांनी ते ऐकले त्यांच्या नातवंडांकडे आज पाहिले की ते किती बरोबर होते हे दिसते. म्हणून 'आपला देश बरा, कशाला जायचे' असा उपदेश मी कोणाला करणार नाही. ज्याच्या घरात दोन वेळची चूल नीट पेटते त्याने तो उपदेश करणे सोपे असते.

पण त्या वेळचे जाणे कसे होते ते आठवा. आजोबा आधी एकटे आले. गाळ्यात दहा-बारा जणांबरोबर राहिले, खाणावळीत जेवले, दरमहा गावी मनिऑर्डर पाठवली. ही झाली पहिली पायरी. काही वर्षांनी बीडीडी चाळीत किंवा झोपडपट्टीत का होईना, एक खोली मिळाली आणि आजी मुलांना घेऊन आली. खोली १६० चौरस फुटांची होती, पण तिच्यात कुटुंब होते. मुले म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेली. आपली खरी उन्नती झाली ती या दुसऱ्या पायरीवर.

आखातात मजुरीवर जाणाऱ्याला ही दुसरी पायरी नाही. हे एजंट सांगत नाही आणि जाणाराही विचारत नाही. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे आपण ज्याला सरसकट दुबई म्हणतो तिथे, बायको-मुलांना बोलवायचे तर महिना किमान ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय. आपल्या वेल्डरला मिळतात बाराशे ते पंधराशे. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून सोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल कर लावला आणि दरवर्षी वाढवत २०२० मध्ये तो ४०० रियालवर नेला. त्या काळात पगार बरा असणाऱ्या अनेक भारतीयांनीही बायका-मुलांना परत पाठवले. कुवेतने २०२४ च्या जानेवारीत कुटुंबाचा व्हिसा पुन्हा सुरू केला तो महिना ८०० दिनार पगाराच्या अटीवर. मजुराने त्या आकड्याकडे पाहायचेही कारण नाही. शिवाय हा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की मुक्काम संपला. तिथे वीस वर्षे घाम गाळला तरी म्हातारपणी परत इथेच यायचे असते.

थोडक्यात, 'कुटुंबासाठी जातो' म्हणणारा कुटुंबाशिवाय राहायला जात असतो. हे जाणून जायला हरकत नाही. न जाणता जाऊ नये.

आता पाटी-पेन्सिल घ्या

एक नमुन्याचा हिशेब मांडतो. आकडे प्रत्येकाने आपले घालावेत, रीत हीच ठेवावी.

समजा, एक फॅब्रिकेशनचा कारागीर इथे महिना १८,००० रुपये मिळवतो. रेल्वेचा पास, दुपारचे जेवण, चहा, मोबाईल, कपडालत्ता असे स्वतःवर ६,००० जातात. घरात येतात १२,०००. त्याला दुबईत १,५०० दिरहमची नोकरी सांगितली. दिरहमचा भाव हलत असतो, आपण सोयीसाठी २४ रुपये धरू. म्हणजे ३६,००० रुपये. ऐकूनच माणूस हरखतो, कारण तो ३६ ची तुलना १८ शी करतो. पण राहायची खोली कंपनीने दिली तरी जेवण, फोन, साबण-तेल मिळून ५५० दिरहम तिथेच संपतात. उरतात ९५०, म्हणजे २२,८०० रुपये. घरात आधी १२,००० येत होते, आता २२,८०० येतील. खरी वाढ १०,८०० ची.

एजंटने मागितले १,२०,००० रुपये. ते सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने, वर्षाच्या मुदतीवर, हप्ता फिटत गेला तरी व्याज पूर्ण मुद्दलावर, असे घेतले. आपल्याकडे रीत तीच आहे. व्याज २८,८००, एकूण फेड १,४८,८००, महिन्याचा हप्ता १२,४००. आलेल्या २२,८०० मधून हप्ता गेला की घरात उरतात १०,४००. तो इथे होता तेव्हा १२,००० उरत होते! म्हणजे पहिले पूर्ण वर्ष नवरा परदेशात असूनही घर आधीपेक्षा १,६०० रुपयांनी ओढगस्तीत. आणि शेजारीपाजारी म्हणणार, 'काय बाई, आता तुमची मजा आहे.'

दुसऱ्या वर्षी हप्ता नाही. १०,८०० प्रमाणे बारा महिन्यांचे १,२९,६०० होतात. त्यातून पहिल्या वर्षीची तूट १९,२०० वजा करा. दोन वर्षांचा करार संपला तेव्हा शिल्लक १,१०,४००. चोवीस महिन्यांनी भागले तर महिन्याला ४,६०० रुपये पडतात. ओव्हरटाइम मिळाला तर वाढतील, काम मध्येच बंद पडले तर बुडतील.

आता याच हिशेबात एकच आकडा बदलू. सरकारच्या नियमाप्रमाणे परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. एवढी रक्कम घरच्या शिलकीतून दिली, कर्ज काढले नाही, तर दोन वर्षांनी हातात २,२३,८०० रुपये राहतात. पगार तोच, उन्हातले काम तेच, फरक फक्त एजंटच्या खिशात गेलेल्या पैशाचा आणि सावकाराच्या व्याजाचा. सव्वा लाख मागणारा एजंट आपल्या दोन वर्षांच्या विरहातला निम्मा वाटा घेऊन जातो, हे लक्षात असू द्यावे. पतपेढीचे कर्ज असेल तर व्याज कमी पडते, पण तिथे दोन जामीनदार लागतात. माणूस तिकडे अडकला की इथे जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते आणि भाऊबंदकीत कायमची तेढ बसते. अशी दोन घरे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

बायकोचे नाव हिशेबात कुठे आहे?

वरच्या हिशेबात एक मोठी चूक राहिली आहे आणि ती बहुतेक पुरुष करतात. बायको जणू काही कमावतच नाही, असे धरून तो मांडला आहे. आपल्या किती घरांत ते खरे आहे? तीन घरी पोळीभाजी करून ती दहा-बारा हजार आणते. नवरा घरी होता तोपर्यंत संध्याकाळी सासूच्या औषधाचे तो बघत होता, पोराला क्लासवरून आणत होता, नळाला पाणी आले की भरत होता. तो गेल्यावर तिला संध्याकाळचे एक घर सोडावे लागते. महिना ४,००० गेले. मग त्या ४,६०० मधले उरले किती? सहाशे रुपये. सहाशे रुपयांसाठी दोन वर्षे नवरा परदेशात.

पैशाच्या पलीकडचे तर बोलायलाच नको असे आपल्यात आहे, पण बोलले पाहिजे. आमच्या महिला मंडळात एक ताई आहेत, त्यांचे यजमान सहा वर्षे मस्कतला होते. त्या म्हणाल्या, "माझ्या पोराचा बाप मोबाईलात राहतो. पोरगं चिडलं की फोन उलटा करून ठेवतं." पुढे त्या हसल्या, पण त्या हसण्यात आम्ही कोणी सामील होऊ शकलो नाही. मुलगा नववीत गेला, क्लास बुडवू लागला, तेव्हा बाप रोज रात्री फोनवरून रागावत असे. मुलगा ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलाला वळण लावण्यासाठी बापाने नुसते घरात असणे, संध्याकाळी दारात चप्पल दिसणे, याचेही काही मोल असते. ज्या फीसाठी बाप गेला ती फी भरली गेली आणि मुलगा वर्गात नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नवरा गेल्यावर बँकेत जायला शिकलेल्या, शाळेत हेडमास्तरांशी बोलायला लागलेल्या, पत्र्याच्या घरावर स्लॅब घालून घेणाऱ्या भगिनीही आपल्या वस्तीत आहेत. आणि दारूपायी घर बुडवणारा माणूस परदेशी गेल्याने घरात शांतता आली, असेही एका माउलीने मला कानात सांगितले आहे. तेव्हा सगळ्यांना एकच माप लावून चालणार नाही. एवढेच म्हणणे आहे की जो निर्णय तिच्या अंगावर पडणार आहे त्यात तिला आधी विचारा. आई-वडिलांना विचारा. मूल बारा-चौदा वर्षांचे असेल तर त्यालाही बसवा.

बाबासाहेबांचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते, म्हणून तेही नीट पाहू. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजीबाबा वारले. यशवंत तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. मुंबईत संसाराचा गाडा माता रमाईंनी कसा ओढला हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण त्या जाण्याला मुदत होती आणि काम ठरलेले होते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा लेखी करार होता. किती वर्षे आणि कशासाठी, हे निघण्यापूर्वी कागदावर होते. आपला माणूस 'बघू, दोन वर्षं जाऊन तर येऊ' म्हणून जातो. दोनाची चार होतात, चाराची दहा होतात, आणि दरवेळी सुट्टीवर आला की बहिणीचे लग्न, भावाची मोटारसायकल, गावच्या घराचा वाटा असे नवे कारण निघते.

कागद कसे पाहावेत

ज्याने दहावी पास केलेली नाही त्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असा शेरा असतो. असा पासपोर्ट असणाऱ्याला आखाती देश, मलेशिया वगैरे १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. १९८३ च्या कायद्याने ही व्यवस्था केली आहे, आणि २०१५ पासून ती ई-मायग्रेट या संगणक प्रणालीवर चालते. एजंटचा परवाना खरा की खोटा हे तिथे कोणालाही पाहता येते, वस्तीतल्या कॉलेजच्या पोराला सांगितले तर पाच मिनिटांत काढून देईल. क्लिअरन्सबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण.

हे सगळे टाळण्यासाठी एजंट सांगतो, 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ.' असे सांगणाऱ्याला तिथेच जयभीम करून उठावे. व्हिजिट व्हिसावर गेलेला माणूस सरकारच्या दप्तरी कामगार म्हणून नसतोच. विमा नाही, करार नाही, मुदत संपली की दंड चढत जातो, आणि मालकाने पगार दिला नाही तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? घरकामासाठी जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींनी तर जास्त जपावे. ईसीआर पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालील स्त्रीला या देशांत नोकरीसाठी क्लिअरन्स मिळत नाही, म्हणून तिला हमखास याच चोरवाटेने नेले जाते.

करारात एकूण पगार पाहून सही करू नका, मूळ पगार किती ते पाहा. अमिरातीत वर्षभराच्या नोकरीनंतर दरवर्षामागे २१ दिवसांची ग्रॅच्युइटी मिळते, ती मूळ पगारावर. पंधराशेपैकी मूळ ९०० दाखवले असतील तर दोन वर्षांचे १,२६० दिरहम, म्हणजे तीस हजार रुपये होतात. पतपेढीत बसून मी कित्येक करार वाचले, या रकमेची माहिती दहात एखाद्यालाच असते. कामाची जागाही विचारा. भर उन्हात काम असेल तर अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे, ती पाळली जाते का हे तिथे असलेल्या आपल्या माणसाला फोन करून विचारावे. आणि खोलीत किती जण राहतात हेही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली, त्यात ४० हून अधिक भारतीय गेले. बहुतेक जण झोपेत होते.

आखात सोडून इतर देशांचे काय, असे सुशिक्षित मुले विचारतात. तिथे चित्र वेगळे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. जर्मनीत सरकारी शाळांना फी नाही आणि अटी पुऱ्या केल्या तर कुटुंब नेता येते. म्हणजे आजोबांची ती दुसरी पायरी तिथे आहे. पण नर्सिंग केलेल्या मुलीला त्यासाठी जर्मन भाषा चांगली बी-२ पातळीपर्यंत शिकावी लागते, त्यात वर्ष-दीड वर्ष जाते. अशा ठिकाणी घातलेला पैसा एजंटला दिलेल्या पैशापेक्षा मला केव्हाही बरा वाटतो, कारण शिकलेली भाषा कोणी काढून घेत नाही. तरी नियम बदलतात हे ध्यानात ठेवावे. इंग्लंडमध्ये वृद्धांची देखभाल करणाऱ्या कामगारांना कुटुंब नेता येत होते, ते ११ मार्च २०२४ पासून बंद झाले आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून अशी भरतीच थांबली. ज्यांनी त्याआधी घरे गहाण टाकून पैसे भरले त्यांचे काय झाले असेल? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी पदवीच्या शेवटच्या वर्षातच करावी, निकालानंतर धावपळ करू नये. जात मात्र विमानतळावर उतरून राहत नाही. अमेरिकेत सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला तो उगीच नाही, आणि आखातातल्या खोलीतही आडनाव विचारले जातेच.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतील एका प्लंबरच्या घरी दोन रविवार बैठक झाली. तो, त्याची पत्नी, म्हातारी आई आणि दहावीतली मुलगी. पहिल्या एजंटकडे पावती मागितली तेव्हा त्याने फोन उचलणे बंद केले. पत्नी म्हणाली, मुलीची परीक्षा होईपर्यंत घरातून हलायचे नाही. आई म्हणाली, माझे डोळ्याचे ऑपरेशन करून जा. चार महिने गेले, दोन्ही कामे उरकली, आणि मग दुसऱ्या परवानाधारक एजंटमार्फत, पावती घेऊन, तो कतारला गेला. जाण्यापूर्वी एका कागदावर लिहिले: तीन वर्षे. मुलीचा डिप्लोमा आणि घराचा स्लॅब. बहिणीच्या दिराला उसने नाही. पगार पत्नीच्या खात्यात, आणि खात्याचे एटीएम तिच्याकडे. खाली चौघांच्या सह्या, म्हातारीचा अंगठा. करार आणि पासपोर्टच्या झेरॉक्सचा एक संच घरी, एक माझ्या कपाटात. तो कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि मुलगी दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर एक रेघ ओढते. परवा गेलो तेव्हा अकरा झाल्या होत्या.